मेलबर्नजवळचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक : माउंट डिसअपॉइंटमेंट

शेवंती

गप्पांच्या पानावर दोघातिघांनी आमच्या या ट्रॅकबद्दल विचारलं, तिकडे लिहिलं की वाहून जातं म्हणून वेगळा धागा काढतेय.

मेलबर्नच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर माउंट डिसअपॉइंटमेंट स्टेट फॉरेस्ट आहे, क्रेगीबर्न-वॉलन-मर्न्डा साइडच्या लोकांना तर अगदी परसदारी. आत मातीचे रुंद रस्ते आहेत, कोरडे असले तर कुठलीही गाडी जाते, आणि त्यांना फुटलेले बारके फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक आहेत. आम्ही गेलो तो असाच एक फाटा, सहा-सात किलोमीटर असेल जेमतेम. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण एका मोठ्या पावसात ट्रॅकची तब्येत बदलते आणि मग कुणीतरी "शेवंतीताई सोप्पा म्हणाल्या होत्या" म्हणत सेदान घेऊन जाईल.

डोंगराच्या नावाची गोष्ट सगळ्यांना आवडते म्हणून सांगून टाकते. १८२४ च्या डिसेंबरात ह्यूम आणि हॉवेल न्यू साउथ वेल्सकडून खाली आले, इथे चढले तर वरून समुद्र दिसेल अशी आशा, आणि वर पोचल्यावर सगळीकडे झाडंच झाडं. म्हणून हे नाव. पुढे समुद्र सापडला त्यांना, पण आपण नक्की कुठे पोचलोय त्यातही घोळ घातला, कोरायो बेला वेस्टर्न पोर्ट समजून परत गेले. झाडं अजूनही दिसू देत नाहीत काही, त्यामुळे व्ह्यूसाठी जाणार असाल तर नका जाऊ.

आमची गाडी जुनी डिझेल टोयोटा प्राडो, ऑटोमॅटिक, बरोबर मैत्रिणीची जिम्नी (पाच दारांची, म्हणजे गुरुग्रामला बनून इथे आलेली). दोन गाड्या असणं मी मस्ट समजते, एकट्या गाडीने जाऊच नये, आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

डांबर संपलं की पहिलं काम म्हणजे टायरमधली हवा काढायची. प्राडोला रस्त्यावर ३६ पीएसआय असते ती २२ वर आणली, जिम्नी हलकी, तिला मुळातच २६ असते, ती १८ वर. नवीन लोकांना वाटतं टायर रुंद होतो म्हणून पकड येते, पण खरं तर तो लांब होतो, जमिनीवर टेकणारा पट्टा पुढेमागे वाढतो आणि दगडावरून जाताना रबर दगडाचा आकार घेतं. शिवाय गाडीत बसलेल्यांची हाडं वाचतात. मात्र साइडवॉल फुगून बाहेर आलेली असते, तिला धारदार दगड लागला तर कापलीच म्हणून समजा, आणि एवढ्या हवेवर वेग तीस-चाळीसच्या वर न्यायचा नाही.

पहिले दोन किलोमीटर काहीच नाही, पाचोळा आणि खड्डे. दोन्ही बाजूंना मेसमेट नावाचे गम ट्री (इथली निलगिरीची एक जात), त्यांच्या सालीचे दोरखंड लोंबत असतात ते आरशाला घासत जातात. इथून २००९ चा ब्लॅक सॅटर्डेचा वणवा गेला होता, ७ फेब्रुवारीचा, किलमोर ईस्टला विजेची तार तुटून पेटला तो इथून पुढे किंगलेकपर्यंत गेला. त्या दिवशीच्या सगळ्या वणव्यांत मिळून १७३ माणसं गेली. जंगल बघताना ते आजही कळतं. मेसमेटच्या जुन्या खोडांवर खालपासून वरपर्यंत काळं आणि त्याच खोडातून फुटलेल्या फांद्या. माउंटन ॲश या दुसऱ्या गमचं मात्र वेगळं, ते झाड आगीत मरतं आणि बी पडून नवीन येतं, म्हणून त्याच्या पट्ट्यात सगळी झाडं एका उंचीची, काड्यांसारखी दाट. नवरा म्हणाला शाळेची प्रार्थनेची रांग आहे ही.

मग तो चढ. दोनशे मीटरसुद्धा नसेल. पिवळसर चिकणमाती, मधे ग्रॅनाइटचे धोंडे, आणि पावसाळ्यात कुणीतरी चाकं फिरवत फिरवत गेल्यामुळे गुडघाभर खोल चाकोऱ्या पडलेल्या. आम्ही खाली गाड्या लावून आधी चालत वर गेलो. हे मी परत परत सांगणार आहे, चालत जा. गाडीत बसून बॉनेटपलीकडे फक्त आभाळ दिसतं. चालत गेल्यावर कळलं की डावीकडच्या चाकोरीत एक दगड बसलाय तो डिफला (गाडीखालच्या डिफरेन्शियलच्या गोळ्याला) लागणार, आणि उजवीकडून चाकोरीच्या कडेवर चाकं ठेवली (दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा आणि बाहेरची कड, चाकोरीत उतरायचंच नाही) तर निभतं. नवरा वर उभा राहिला हाताने खुणा करायला, मी गाडीत.

न्यूट्रल, एल४ (म्हणजे लो रेंज, वेग कमी पण ताकद जास्त), सेंटर डिफ लॉक (पुढच्या-मागच्या चाकांना सारखी ताकद), पहिला गिअर हाताने. पाय ॲक्सिलरेटरवर नुसता ठेवलेला. मधे एका ठिकाणी पुढचं डावं चाक हवेत गेलं आणि गाडी थांबली, चाक गरगर फिरतंय, अशा वेळी मन म्हणतं पाय काढ, पण तसाच हलका दाब ठेवायचा, दोन सेकंदांत ट्रॅक्शन कंट्रोलचा करकर-करकर आवाज येतो, तो फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. गाडी जणू विचार करून मग चढते. त्या करकरीला घाबरून बरेच जण तिथेच सोडून देतात.

जिम्नीने तोच चढ हसत हसत केला हे सांगायला मला अजिबात आवडत नाहीये.

वर पोचल्यावर चहा, चकल्या, आणि लायरबर्ड ऐकू आला, दिसला नाही. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला एकामागून एक काढतो त्यामुळे झाडीत दहा पक्षी आहेत असं वाटतं. उतारावर फक्त इंजिन ब्रेकिंग, लो रेंज पहिला गिअर, ब्रेकवर नाचायचं नाही. संपलं. चालणं, चहा, हवा काढणं-भरणं धरून अख्खी सकाळ गेली, त्यातलं ड्रायव्हिंग तासाभराचं असेल.

प्रश्न असतील तर विचारा.

केळफूल

वाचतेय! फोटो कुठायत?

पाटावरवंटा

भारी लिहिलंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. जिम्नीवाल्या मैत्रिणीलाही लिहायला सांगा, त्यांची बाजू ऐकायची आहे :)

घाटमाथा_व्हिक

छान धागा. मी इथल्या एका फोर व्हील ड्राइव्ह क्लबात बरीच वर्षं आहे, थोडी भर घालतो.

ताईंनी चढ कसा चढायचा ते लिहिलं, चढावर गाडी बंद पडली किंवा पुढे जाईना तर काय ते लिहिलं नाही आणि खरा अपघात तिथे होतो. माणूस घाबरतो आणि गाडी वळवून खाली आणू बघतो. आडवी झाली की उलटलीच. त्यामुळे ब्रेक दाबून धरा, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाका, स्टिअरिंग सरळ, आणि ब्रेक हळूहळू सोडत ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने सरळ मागे या. मॅन्युअल असेल तर ब्रेक दाबून धरलेला असतानाच क्लच दाबून रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा, आणि मग क्लच अजिबात न दाबता तशीच चावी फिरवा (क्लच दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाही अशा गाड्या असतात, ते घरीच बघून ठेवा). आरशात बघून या, मान वळवून आलात की हातही वळतात.

दुसरं म्हणजे अडकलेली गाडी ओढणं. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, स्नॅच स्ट्रॅप (गाडी ओढायचा ताणला जाणारा पट्टा) कधीही लावू नका. कधीही म्हणजे कधीही. स्ट्रॅप ताणला जातो, त्यात जोर साठतो, गोळा तुटला तर तोफगोळाच होतो, ऑस्ट्रेलियात माणसं मेली आहेत यात. गाडीला रेटेड रिकव्हरी पॉइंट (ओढण्याचा जोर सोसतील असे पक्के हूक) आहेत का ते जायच्या आधी बघा, पुढे कंपनीने दिलेला हूक बऱ्याचदा नुसता जहाजात गाडी बांधण्यापुरता असतो. स्ट्रॅपवर मधोमध ओलं ब्लँकेट किंवा डॅम्पर टाका आणि बघ्यांना लांब हाकला. आणि खरं सांगू, शंभरातल्या नव्वद वेळा फावडं आणि मॅक्सट्रॅक्सच्या (रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या) पट्ट्यांवर काम भागतं. आधी खणा.

यूएचएफ रेडिओ घ्या. लायसन्स लागत नाही, आमची मंडळी चॅनल १० वर असतात.

शेवंती

@केळफूल, चढावर दोन्ही हात स्टिअरिंगला होते आणि नवरा खुणा करत होता, फोटो कोण काढणार! वरच्या चहाचे आहेत, टाकते.

@घाटमाथा, एकदम मुद्द्याचं. रिव्हर्सचं मी तरी सपाटीवर सराव करून मगच चढाला हात लावला. दादा, फॉरेस्टर चालेल का हा प्रश्न आत्ता येईलच बघा.

मनीषा_टार्नीट

हो मीच विचारणार होते :D आमची सुबारू फॉरेस्टर आहे, एक्स-मोडवाली (खराब रस्त्यासाठी बटण असतं ती). सेल्समन म्हणाला कुठेही जाते.

घाटमाथा_व्हिक

सेल्समन तुमच्याबरोबर येणार आहे का ते विचारा.

गंमत सोडा. फॉरेस्टरचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी आहे, तो वाईट नाही, पण लो रेंज नाही. म्हणजे तीव्र उतारावर इंजिन गाडी रोखून धरणार नाही तितकं, ब्रेकवरच सगळं. मोठे मातीचे रस्ते, कॅम्पसाइट, स्ट्रॅथ क्रीक फॉल्सची बाजू, एवढं आरामात करा कोरड्या दिवसांत. चाकोऱ्यावाल्या चढांच्या नादी लागू नका.

डोळस

मी थोडा नावडता सूर लावतो. लेख चांगला आहे, ताईंची काळजीही दिसते. पण गुडघाभर चाकोऱ्या "कुणीतरी" पाडल्या म्हणता, त्या तुमच्यासारख्याच कुणीतरी पाडल्या ना? दोन टनांची गाडी देशी जंगलात घालायची आणि मग लायरबर्ड ऐकला म्हणून खूष व्हायचं. सहा किलोमीटर तर आहे, चाला की. दोन तासांत होईल. पावसात त्या चाकोऱ्यांतून माती वाहून खाली ओढ्यात जाते, त्या ओढ्यातल्या जिवांचं काय होतं ते कुणी बघायला जात नाही.

शेवंती

@डोळस, नावडता वगैरे काही नाही, बरोबर बोलताय तुम्ही चाकोऱ्यांबद्दल. त्या ओल्या मातीत गाडी घालणाऱ्यांनी पाडलेल्या आहेत, आणि म्हणूनच इथे बरेच ट्रॅक जूनच्या किंग्ज बर्थडेच्या लाँग वीकेंडनंतर साधारण मेलबर्न कपपर्यंत (नोव्हेंबरच्या सुरुवातीची घोड्यांची शर्यत) गेट लावून बंद करतात. तरी लोक गेटच्या बाजूने घुसतात. पण हा ट्रॅक गाड्यांसाठी अधिकृतपणे उघडा असलेला रस्ताच आहे, नंबर असलेली गाडी आणि लायसन्सवाला ड्रायव्हर लागतो, ट्रॅक सोडून जंगलात चाक घालणं गुन्हा आहे. शिवाय हे रस्ते बऱ्याच अंशी लाकूडतोडीसाठी आणि वणवा विझवायच्या गाड्यांसाठी काढलेले, आम्ही नाही गेलो तरी ते राहणार.

माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही. त्या मागच्या सीटवर बसून आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ट्री फर्नखाली (झाडाएवढ्या नेच्याखाली) उभ्या राहिल्या. म्हणून मला सगळंच बंद करा हे पटत नाही.

डोळस

सासूबाईंचा मुद्दा मान्य. पण त्यांना मोठ्या मातीच्या रस्त्यावरूनही ट्री फर्न दिसला असता की, त्यासाठी चाक हवेत उचलायची गरज नव्हती.

पाटावरवंटा

हाहा, हे बरोबर आहे. ताई?

शेवंती

हो, चाक हवेत माझ्या हौसेसाठी. ते नाकारत नाहीये :)

घाटमाथा_व्हिक

डोळस, तुमच्या बाजूने अजून एक गोष्ट सांगतो. ट्रॅकवर अवघड जागा आली की लोक बाजूने झुडपं चिरडत नवीन वाट काढतात, इकडे त्याला चिकन ट्रॅक म्हणतात. मग ती पण खराब होते, मग तिसरी. पाच वर्षांत दहा फुटांचा ट्रॅक तीस फुटांचा होतो. आमच्या क्लबात नियम आहे की जमत नसेल तर मागे फिरायचं, वळसा नाही. फोर व्हील ड्राइव्ह व्हिक्टोरिया म्हणून सगळ्या क्लबांची संघटना आहे, त्यातले क्लब वादळानंतर पडलेली झाडं बाजूला काढणं, कचरा उचलणं असली कामंही करतात. टीव्ही, गाद्या, काय काय टाकतात लोक जंगलात, विचारू नका.

सुपारीबाग

धाग्यावर उशिरा आलो. मी गाडीवाला नाही, सिंधुदुर्गात बाग आहे, मुलगी पर्थला असते म्हणून वाचत होतो. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा जंगलाच्या तोंडाशी बोर्ड होता आणि बूट घासायला ब्रश आणि फवारणी ठेवलेली. मी म्हटलं हे काय देवळासारखं. तर डायबॅक म्हणून झाडांचा रोग आहे, मातीतून पसरतो, फायटोफ्थोरा त्याचं नाव. हे ऐकून मी उडालोच, कारण आमच्या सुपारीवर पावसाळ्यात कोळेरोग येतो तो याच घराण्यातला! जात वेगळी, पण खानदान तेच. आम्ही आयुष्यभर बोर्डो मिश्रण फवारतोय त्याच्यासाठी. तिथे तो जर्राच्या जंगलाला आणि ग्रास ट्रीला मुळापासून खातो. एवढ्या मोठ्या जंगलाला बोर्डो कोण फवारणार.

गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून तो या डोंगरावरून त्या डोंगरावर जातो म्हणे. तुमच्याकडे व्हिक्टोरियात आहे का?

शेवंती

काका, आहे! आणि हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. फायटोफ्थोरा सिनॅमोमाय. पहिल्यांदा १९२२ मध्ये सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर ओळखला गेला म्हणून ते नाव. एकदा मातीत शिरला की काढता येत नाही, फॉस्फाइटने फक्त जोर कमी करता येतो.

त्यामुळे जंगलात जायच्या आधी गाडी धुवायची, नुसती आल्यावर नाही. लोक आल्यावर धुतात कारण शेजारी बघतात :) चाकाच्या आतली बाजू, मडफ्लॅपच्या मागे, खालच्या लोखंडी पट्टीवर जी ढेकळं बसतात ती खरी. आम्ही ताठ ब्रश ठेवतो आणि एका जंगलातून दुसऱ्याकडे जाणार असू तर ट्रॅक संपल्यावर तिथेच खरवडून टाकतो. ओल्यात न जाण्याचं हे दुसरं कारण, कोरडी माती चिकटतच नाही फारशी. पर्थकडे तर काही भागांत परमिटशिवाय गाडी नेताच येत नाही या रोगामुळे.

डोळस

सुपारीबाग काका, प्रतिसाद आवडला. बूटही घासायचे तर, म्हणजे चालणाऱ्यांनीही. घ्या, माझ्यावरच आलं.

सह्याद्री_थार

पुण्याहून +१. आमच्याकडे थार आल्यापासून (२०२० ची नवी) दर पावसाळ्यात व्हिडिओ बघून पोरं पठारांवर गाड्या घालतात. सड्यावर मातीचा थर इंचभर असतो, त्यात ती बारकी फुलं येतात, एक फेरी मारली की तो पट्टा गेला. इथे ट्रॅक कुठला आणि माळ कुठला हेच ठरलेलं नाही, गेट लावणार कशाला आणि कुठे. तुमच्याकडची सीझनल बंदी ऐकून हेवा वाटला. मी स्वतः आता फक्त खासगी जागेवर जातो जिथे ऑफरोडसाठीच आखणी केलेली असते. तिथे चिखल मनसोक्त, कुणाच्या बापाचं काही जात नाही.

एक प्रश्न. ओढे ओलांडताना तुम्ही पण आधी चालत जाता का?

घाटमाथा_व्हिक

इथे हो. काठी घेऊन, तळ कसा आहे, पलीकडचा काठ किती चढा आहे ते बघून. उत्तरेला केप यॉर्क किंवा नॉर्दर्न टेरिटरीत मात्र नाही, तिथे मगरी आहेत. तिथे दुसऱ्या गाडीची वाट बघतात आणि ती कशी जाते ते बघतात, बिचारी दुसरी गाडी.

मनीषा_टार्नीट

उन्हाळ्यात जावं का? जानेवारीत सुट्ट्या आहेत मुलांना.

शेवंती

जा पण व्हिकइमर्जन्सीचं (वणवा वगैरेचे सरकारी इशारे देणारं) ॲप बघून. टोटल फायर बॅन असेल त्या दिवशी मी जात नाही, सरळ. चुलीचा तर प्रश्नच नाही, आणि एरवीसुद्धा चुलीला नियम आहेत, तयार जागा नसेल तर ३० सेंटिमीटर खोल खड्डा, भोवती तीन मीटर साफ, आणि सोडून जाताना पाणी ओतून हात लावून बघायचं. माती नुसती ढकलली तर आत धुमसत राहतं.

डिझेल गाडीवाल्यांनी अजून एक, उंच वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भयंकर तापतो आणि खाली गवत पेटू शकतं. आणि मोठ्या गमच्या फांदीखाली तंबू नको नि गाडीपण नको. वारा नसतानाही फांदी पडते, आम्ही चहाला थांबलो होतो तिथे मांडीएवढी जाड एक पडलेली होती, तुटलेल्या जागी लाकूड अजून ओलं.

केळफूल

भावाला घेऊन जायचंय तो डिसेंबरात येतोय नाशिकहून, तिकडे महिंद्राच्या कारखान्यात आहे त्यामुळे त्याला फार उत्सुकता. गाडी भाड्याने घेतली तर?

घाटमाथा_व्हिक

भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी "अनसील्ड रोड" चालणार नाही असं बारीक अक्षरात असतं बऱ्याच ठिकाणी, आणि ट्रॅकवर काही झालं तर इन्शुरन्स हात वर करतो. त्यापेक्षा कुणाच्या तरी गाडीत बसवा त्याला. माझ्याकडे पुढची सीट रिकामी आहे, महिंद्राच्या माणसाकडून फुकटात चार गोष्टी कळतील.

मनीषा_टार्नीट

शेवटचा प्रश्न, परत हवा कशी भरता? पंपावर जाईपर्यंत २२ वरच?

शेवंती

अगं नाही, छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर असतो, डांबर लागायच्या आत भरायची, हायवेवर शंभरच्या वेगाने २२ वर गेलात तर टायर तापून फुटेल. फक्त घेताना थेट बॅटरीला चिमटे लावायचा घे, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा नको. मोठ्या टायरला ते फार वेळ घेतात आणि मोठा कॉम्प्रेसर त्या सॉकेटला लावलास तर फ्यूज उडतो. चालवताना इंजिन चालू ठेव. प्राडोच्या चार चाकांना आमचा वीसेक मिनिटं घेतो, तेवढ्यात ब्रशने चिखल काढून होतो.